घेणाऱ्याचा सॉलिसिटर

मुंबईतले कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडावे. आतल्या पानावर चौकटीत, डोळे ताणून वाचावा लागेल असा एक मजकूर हमखास सापडतो. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी त्याची सुरुवात. अमुक नगर भूमापन क्रमांकाची मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत. तीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, वहिवाट, पोटगी अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क असल्यास चौदा दिवसांच्या आत लेखी पुराव्यानिशी कळवावे, नपेक्षा तो हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. खाली वकिलाची सही आणि पत्ता. कंटाळवाण्या वाटणाऱ्या या मजकुरातले दोनच शब्द इथे महत्त्वाचे आहेत: ‘आमचे अशील’. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हा अशील बहुधा विकत घेणारा असे. नोटीस त्याच्या वतीने निघे, जुने कागद त्याच्या वतीने वाचले जात, खरेदीखतही त्याच्याच सॉलिसिटरच्या कचेरीत लिहिले जाई. आज नव्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्या माणसाच्या हातात मालकीहक्काचे जे प्रमाणपत्र पडते, ते विकणाऱ्याच्या वकिलाने दिलेले असते. हा पालट कोणी ठरवून घडवला नाही. घर घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी म्हणून जो कायदा आला, त्यातच तो घडून गेला. ‘कन्व्हेयन्स’, म्हणजे जमिनीचे अभिहस्तांतरण, हा शब्द मुंबईच्या सोसायट्यांत गाऱ्हाण्यासारखा उच्चारला जातो, त्याचे मूळही माझ्या मते इथेच आहे.

मालकी सिद्ध करण्याची गरज इंग्रजांनी आणली असे नाही. सिद्ध करण्याची रीत तेवढी त्यांनी बदलली. देशावर मिरास जमिनीचे खरेदीखत होई तेव्हा त्यावर पाटील-कुळकर्णी आणि बलुतेदार यांची साक्ष पडे. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी, सुतार आपल्या हत्याराची. तंटा उभा राहिला तर गोतसभा बसे आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. कागदाला वजन होतेच, पण ते त्यामागे उभ्या असलेल्या माणसांच्या आठवणीचे वजन होते. शेत कोणाचे हे शिवेवरच्या पोरालाही ठाऊक असल्यावर ते शोधून काढायला तिऱ्हाईत तज्ज्ञ कशाला लागतो? मुंबई बेटात हे चालणारे नव्हते. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आलेल्या या बेटावर पारशी, भाटिये, पाठारे प्रभू, कोकणी मुसलमान, गुजराती वाणी येऊन वसले, आणि एकाचे गोत दुसऱ्याला ओळखीचे नव्हते. जमिनीही एका जातीच्या नव्हत्या: फोरास, टोका, इनाम, आणि ‘पेन्शन अँड टॅक्स’ नावाची एक. या पेन्शनचा निवृत्तिवेतनाशी संबंध नाही. पोर्तुगीज शब्दावरून आलेले ते वार्षिक आकाराचे नाव. अशा गावात ‘हे घर कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्याला विचारून मिळत नव्हते. ते कागदातच शोधावे लागे, आणि १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट उघडल्यावर ते कागद इंग्रजी कायद्याच्या भाषेत लिहिले जाऊ लागले. ती भाषा वाचणारा माणूस म्हणजे कोर्टाच्या पटावरचा ॲटर्नी, ज्याला पुढे सॉलिसिटर म्हणू लागले.

हा धंदा आला त्या इंग्लंडातही त्याची वंशावळ फार सोज्वळ नाही. जमिनीचे दस्त मोबदला घेऊन लिहिण्याचा मक्ता तिथल्या वकीलवर्गाला मिळाला तो १८०४ च्या स्टँप कायद्याने. फ्रान्सशी युद्ध चालू होते, पंतप्रधान पिटच्या सरकारला पैसा हवा होता. ॲटर्नीच्या उमेदवारीवरचे आणि वार्षिक परवान्यावरचे शुल्क वाढवले गेले आणि त्या बदल्यात बाहेरच्या लोकांना दस्तलेखनातून हुसकून लावले. म्हणजे घर विकत घेताना सॉलिसिटर गाठणे ही कायद्याच्या गहनतेतून उपजलेली निकड जितकी होती, तितकाच तो करवसुलीचा सौदाही होता. त्यात मोबदला शब्दांच्या मापाने: बहात्तर शब्दांचा एक फोलिओ, आणि फोलिओगणिक पैसे. मग दस्त आटोपशीर कोण लिहील? एकाच गोष्टीला पाच समानार्थी शब्द जोडायची जी खोड आपल्या खरेदीखतांतही उतरली आहे, तिला या मापाने चांगले खतपाणी घातले. १८८१ च्या कायद्याने शब्द मोजणे थांबवून किमतीच्या प्रमाणात मोबदला ठरवला, पण तोवर वळण पडून गेले होते. सॉलिसिटर म्हणजे लुबाडणूक, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि तो निराधार नाही. मात्र एखाद्या धंद्याचा जन्म स्वार्थातून झाला म्हणून त्याचे काम पोकळ ठरत नाही.

मुंबईत ते काम काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. घराचा सौदा ठरला की घेणारा विसार देई आणि विकणाऱ्याचा सॉलिसिटर जुन्या दस्तांचे बाड पाहण्यासाठी घेणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे पाठवी. तिथला कारकून एकेका दस्ताचा गोषवारा काढी: कोणी कोणाला दिले, कोणत्या साली, चतुःसीमा जुळतात का, विकणाऱ्या बाईचे आडनाव मागच्या दस्तात वेगळे कसे. दुसरा कारकून नोंदणीच्या कचेरीत जाऊन सूचीची पुस्तके पालथी घाली. त्यातून शंकांची यादी तयार होई आणि समोरच्या सॉलिसिटरला तिचे कलमवार उत्तर द्यावे लागे. भाऊ वाटणीत होता का? विधवेची सही आहे, पण मुलगा अज्ञान असताना विक्री कशासाठी केली? गहाण फिटल्याचा कागद कुठे? उत्तरे पटली की नोटीस छापायची, मुदत संपली की खरेदीखताचा मसुदा करायचा. हा मसुदा घेणाऱ्याच्या बाजूने होई आणि विकणाऱ्याची बाजू तो तपासून मान्य करी. शेवटी एका टेबलाभोवती सगळे जमत. एका हाताने पैसे आणि दुसऱ्या हाताने अस्सल दस्तांचे बाड.

अस्सल दस्तांवर एवढा भर का, याला मुंबईपुरते खास कारण आहे. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांत केवळ दस्त सावकाराकडे ठेवून मिळकत गहाण टाकता येई. वेगळे गहाणखत नको, नोंदणी नको. व्यापाऱ्याला दुपारी पैसे लागले तर तो घराचे कागद पेढीवर ठेवून संध्याकाळी माल उचली. सोय मोठी, पण तिचा अर्थ असा की नोंदणीच्या पुस्तकात कितीही खोल बुडी मारली तरी हा बोजा हाती लागत नाही. पुण्यात किंवा साताऱ्यात सूची पाहून जे समाधान मिळे, ते मुंबईत मिळत नसे. अस्सल कागद डोळ्यांनी पाहणे आणि नोटीस छापून गुप्त सावकाराला बोलते करणे, हे दोनच उपाय होते. दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदणी कचेरीत दाखल करणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले ते २०१३ पासून. त्याआधीची सव्वाशे-दीडशे वर्षे ही फट बुजवण्याचे काम सॉलिसिटरची कचेरी करत होती.

या चौकशीला कायद्यातही किंमत होती. १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या प्रकरणात असे ठरवले की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीवर पैसे देणाऱ्याने कुटुंबाची गरज खरी आहे का याची प्रामाणिक चौकशी केली असेल, तर पुढे ती गरज खोटी निघाली तरी त्याचे नुकसान होऊ नये. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४१ व्या कलमातही हेच सूत्र आहे: दिसणाऱ्या मालकाकडून घेणाऱ्याने वाजवी काळजी घेतलेली हवी. म्हणजे न्यायालय ‘मालकी चोख होती का’ एवढेच विचारून थांबत नाही. ‘घेताना तुम्ही काय तपासले’ हेही विचारते. सॉलिसिटरचे प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ मत आहे, सरकारी हमी नाही, असे जे म्हणतात ते खरे आहे. पण ते मत घेणाऱ्याने स्वतःहून केलेल्या चौकशीचा पुरावा असते. दुसऱ्याने दुसऱ्यासाठी केलेल्या चौकशीला तो मान मिळवून देणे अवघड.

१८८२ चा हा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला १८९३ मध्ये. त्याचे ५५ वे कलम वाचताना मला नेहमी त्यामागच्या माणसाचे चित्र दिसते. विकणाऱ्याने काय करावे? घेणाऱ्याने मागितल्यास मालकीचे कागद दाखवावेत. घेणारा विचारील त्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आणि घेणारा योग्य वेळी, योग्य ठिकाणी खरेदीखत पुढे करील तेव्हा त्यावर सही करावी. मागणारा, विचारणारा आणि दस्त लिहून आणणारा, तिन्ही ठिकाणी घेणारा. कायद्याने गृहीत धरलेला हा माणूस एकटा नव्हता. त्याच्या शेजारी सॉलिसिटर बसलेला होता, म्हणूनच तो एवढे विचारू शकत होता.

हे सुख कोणाच्या वाट्याला होते, असा प्रश्न इथे यायला हवा, आणि त्याचे उत्तर रोखठोक द्यायला हवे: शेठांच्या. गिरगावात, लालबागेत, परळला राहणारा मराठी माणूस भाडेकरू होता. त्याच्या घराचा एकमेव दस्तऐवज म्हणजे भाड्याची पावती. सबंध चाळ एका शेठाकडून दुसऱ्याकडे जाई तेव्हा फोर्टात दोन सॉलिसिटर महिनाभर पत्रे लिहीत. खोल्यांत राहणाऱ्यांना कळे ते पावतीवरचे नाव बदलल्यावर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले, जागा मिळेनाशी झाली आणि पागडी बोकाळली. पागडी देऊन खोली घेणे म्हणजे व्यवहारात घर विकत घेणेच, आयुष्याची पुंजी त्यात जाई. पण ती रक्कम घेणे-देणे बेकायदा. मग कोणता सॉलिसिटर तो व्यवहार लिहून देणार? (पागडीला कायद्याने मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या कायद्यात.) अशा रीतीने मुंबईच्या मध्यमवर्गाने घराचे पहिले मोठे व्यवहार वकिलाशिवाय, शब्दावर आणि ओळखीवर करायचे शिकून घेतले. ही शिकवण पुढे महागात पडली.

तरी एक दुसरी वाट होती. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या पहिल्या अशा संस्थांपैकी ही एक. या जुन्या सहकारी वळणाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी माणसे, मग संस्था, मग संस्थेच्या नावाने जागा, आणि मग इमारत. जागेचा दस्त करायची वेळ आली तेव्हा घेणारा अस्तित्वात होता, त्याला नाव होते, समिती होती आणि वकील नेमण्याची ऐपत होती. एकेकट्याला जे परवडत नाही ते दहा-वीस कुटुंबांनी मिळून परवडवून घेतले. जमीन आधी आपल्या नावावर, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही; त्या क्रमातच ते होते.

ओनरशिप फ्लॅटने हा क्रम उलटा केला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बांधकामात बिल्डर जागा आपल्या नावाने घेऊ लागला, किंवा नुसता विकसनाचा हक्क घेऊ लागला. नकाशावरचे फ्लॅट एकेकाला विकायचे, त्यांच्या पैशांतून इमारत उठवायची, राहायला आलेल्यांची संस्था करायची आणि सगळ्यात शेवटी जमीन त्या संस्थेला द्यायची. घेणाऱ्याच्या हातात सुरुवातीला येते ते साठेखत, म्हणजे विकण्याचा करार. खरेदीखत मागाहून, आणि तेही त्याच्या नावाने नव्हे. या धंद्यात गैरप्रकार माजले म्हणून राज्य सरकारने १९६० मध्ये समिती नेमली, १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. ‘मोफा’ या नावाने तो ओळखला जातो. त्या काळाच्या मानाने तो धीट कायदा होता. बिल्डरवर एवढी बंधने आधी कोणी घातली नव्हती. पण त्याच्या तिसऱ्या कलमात एक छोटी तरतूद आहे. प्रवर्तकाने जमिनीवरच्या आपल्या हक्काची पूर्ण आणि खरी माहिती उघड करावी, आणि तो हक्क ॲटर्नी-ॲट-लॉने किंवा किमान तीन वर्षे वकिली केलेल्या ॲडव्होकेटने प्रमाणित केलेला असावा.

१८८२ चे ५५ वे कलम आणि १९६३ चे हे कलम शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात घेणारा विचारतो, दुसऱ्यात विकणारा सांगतो. पहिल्यात खरेदीखत घेणारा लिहून आणतो, दुसऱ्यात ते करून देणे ही प्रवर्तकाची जबाबदारी. जुने कलम रद्द झाले नव्हते. फ्लॅटच्या घेणाऱ्याला ते चालवायचे निमित्त तेवढे उरले नाही. हेतू चांगला होता: सामान्य माणसाला सॉलिसिटर परवडत नाही, तेव्हा तपासणीचा खर्च बिल्डरच्या गळ्यात घालावा. परिणाम मात्र असा झाला की सॉलिसिटर तोच राहिला आणि त्याचा अशील बदलला. तपासणी होते, सही होते, प्रमाणपत्र कराराला जोडले जाते. पण शंकांची ती जुनी यादी समोरच्या बाजूला पाठवणारे कोणी उरले नाही, कारण दोन बाजूच उरल्या नाहीत. खरेदीखताचा मसुदा करायला घेणाऱ्याच्या वतीने कोणी बसत नाही. तो दस्त व्हायला अजून पाच-दहा वर्षे आहेत आणि ज्या संस्थेला तो मिळायचा ती जन्मालाही आलेली नाही.

पुढचे मुंबईकरांना पाठ आहे. नियमाप्रमाणे संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे हस्तांतरण व्हायला हवे, करारात वेगळी मुदत नसेल तर. ते होईना. कारणे सांगितली जात: मूळ मालकाचे वारस भांडताहेत, लेआउट पूर्ण व्हायचा आहे, अजून एक विंग यायची आहे. खरे कारण बहुधा जमिनीवर शिल्लक असलेला चटईक्षेत्राचा हक्क होते, आणि १९९१ च्या विकास नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आल्यावर त्या शिल्लक हक्काचे मोल आणखी वाढले. राज्याने स्वतःपुरती व्यवस्था मात्र करून ठेवली होती. १० डिसेंबर १९८५ पासून मुद्रांक कायद्यात अशी तरतूद आली की ज्या विक्रीकरारात ताबा दिला आहे किंवा द्यायचा आहे, तो शुल्कासाठी अभिहस्तांतरणच समजावा. म्हणजे ज्या कागदाने जमिनीची मालकी जात नाही, त्यावर मालकी गेल्याचे शुल्क भरायचे. घेणाऱ्याचा सॉलिसिटर जागेवर असता तर या विसंगतीवर पहिले बोट त्याने ठेवले असते. अखेर २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण आले: प्रवर्तक सही करत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा, सुनावणी व्हावी, आणि त्याच्या सहीशिवाय एकतर्फी दस्त नोंदवला जावा. हे कलम आणावे लागले, यातच पंचेचाळीस वर्षांचा निकाल आला.

यावर काही आक्षेप येतात, त्यांतला पहिला तारखेचा आहे. सॉलिसिटरचा ऱ्हास झाला तो वकिलांच्या कायद्यातल्या १९७६ च्या दुरुस्तीने, असे कोणी म्हणेल. त्या दुरुस्तीने उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतली सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट अशी दुहेरी पद्धत संपवली. पण ती दुरुस्ती न्यायालयात कोणी उभे राहायचे याबद्दल होती. मिळकतीच्या कामाला तिने हात लावला नाही. फोर्टातल्या जुन्या फर्म त्यानंतरही जोरात चालल्या, आणि बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी उमेदवारी करणाऱ्यांची सॉलिसिटरची परीक्षा आजही घेते. धंदा होता तिथेच राहिला. फक्त टेबलाची एक बाजू रिकामी झाली होती, आणि ती १९७६ च्या कितीतरी आधी.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. बिल्डरचा छापील करार ‘घ्यायचा तर घ्या’ अशा थाटाचा असतो. त्यातला स्वल्पविरामही बदलत नाही. मग वकील नेमून फायदा काय? कराराच्या अटींपुरते हे मान्य. पण सॉलिसिटरचे काम अटी बदलून घेणे एवढेच कधी नव्हते. कशावर सही करतो आहोत हे कळणे, आणि न पटल्यास सही न करणे, हा त्याचा मोठा भाग होता. पार्किंगचेच पाहा. स्टिल्टखालच्या आणि उघड्या जागा बिल्डर फ्लॅटधारकांना वेगळे पैसे घेऊन वर्षानुवर्षे विकत होते आणि लोक घेत होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात निकाल दिला की मोफाखाली त्या स्वतंत्रपणे विकण्याचा हक्क बिल्डरला नव्हताच. ज्या कायद्याचा अर्थ लावला गेला तो १९६३ पासून होता. तो वाचून घेणाऱ्याला सांगण्याचे काम ज्याचे, तो माणूस जागेवर नव्हता. शिवाय एकट्याचा आवाज चालत नसला तरी संस्था स्थापन झाल्या दिवशी घेणारा एकटा राहत नाही. सारस्वतांनी १९१५ मध्ये जे केले ते पहिल्या सर्वसाधारण सभेत करता येण्यासारखे आहे: ठराव करून वकील नेमणे आणि चार महिन्यांची मुदत मोजायला लावणे. बहुतेक संस्था त्या सभेत रखवालदाराचा पगार ठरवतात आणि वकिलाचा विषय पंधरा वर्षांनी, इमारत गळू लागल्यावर, घेतात.

खर्चाचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. मुंबईत घर घेणारा सध्या सहा टक्के मुद्रांक शुल्क भरतो, वर तीस हजारांपर्यंत नोंदणी फी भरतो, दलालाला देतो, आणि कागद वाचून देणाऱ्याच्या बिलापाशी हात आखडतो. त्यावर नेहमीचे उत्तर असते की बँकेच्या वकिलाने कागद तपासलेत, मग पुन्हा कशाला. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. तिचा जीव कर्जात आणि ते फेडणाऱ्या पगारात असतो. दहा वर्षांनी जमीन संस्थेच्या नावावर येईल का, हा तिच्या रात्रीच्या झोपेचा प्रश्न नाही. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदींचा शोध, मागतो, तेही पूर्वापार. १९६३ च्या मुदत कायद्याने गहाण सोडवण्याची मुदत साठ वर्षांवरून तीसवर आणली, त्या हिशेबाला ते धरून आहे. पण तीस वर्षांपलीकडच्या वाटणीपत्रात वगळलेली बहीण या सर्चमध्ये सापडत नाही.

राहिला आक्षेप सरकारी हमीचा. नोंदणी संगणकावर आली, सूची क्रमांक दोन घरबसल्या दिसते. उद्या सरकारने मालकीचीच हमी दिली की हे सगळे मध्यस्थ जातील, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे नोंदला जातो तो दस्त. मालकी नोंदली जात नाही. दुय्यम निबंधक दस्तावरची माणसे तीच आहेत का हे पाहतो, विकणारा खरोखर मालक होता का याचा निर्णय तो देत नाही. इंग्लंडने १८६२ पासून खटपट करत मालकीचीच नोंदवही उभारली. १८९९ मध्ये लंडनला ती सक्तीची होऊ लागली, आणि १९९० च्या डिसेंबरात इंग्लंड-वेल्सभर झाली. नोंद चुकली तर सरकार भरपाई देते. १९८५ च्या कायद्याने १८०४ चा तो मक्ताही मोडला आणि सॉलिसिटर नसलेल्या परवानाधारक दस्तलेखकांना मुभा मिळाली. तरीही तिथला घर घेणारा आपल्या बाजूचा माणूस नेमायचे सोडत नाही. मग तो सॉलिसिटर असो की परवानाधारक. जुने कागद वाचण्याचे काम संपले, मक्ता गेला, फी उतरली. पण ‘माझ्या वतीने कोण’ हा प्रश्न नोंदवहीने सुटत नाही हे तिथल्या लोकांनी ओळखले. आपण उलटे केले. हमी नाही, अस्सल कागदांची साखळी अजून चालू आहे, म्हणजे त्या माणसाची गरज जास्त, आणि नेमका त्यालाच रजा दिली.

२०१६ च्या रेरा कायद्याने पुष्कळ सुधारले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालकी सदोष निघाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावी आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नसावी, अशी तरतूद त्यात आहे. हस्तांतरणासाठी तीन महिन्यांची मर्यादा आहे. प्रकल्प नोंदताना प्रवर्तकाला वकिलाचा मालकीहक्क अहवाल महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर चढवावा लागतो आणि तो कोणालाही वाचता येतो. फोर्टातल्या बंद कपाटांच्या मानाने ही मोठीच मोकळीक. त्या अहवालाचा नमुनाही ठरवून दिलेला आहे. जमिनीचे वर्णन, तपासलेले दस्त, सर्चची वर्षे, चालू दावे, आणि शेवटी मालकी निर्वेध असल्याचे मत. वकील नेमतो प्रवर्तक, पैसे देतो प्रवर्तक, आणि अहवालाच्या माथ्यावर ‘प्रति’ म्हणून नाव असते महारेराचे. घर घेणाऱ्यासाठी त्या नमुन्यात रकाना नाही.